पवनेच्या पाण्यात उतरण्याआधी

पवना धरणाच्या काठी सहलीला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच विचारते : मंडळी पाण्यात असताना काठावरून नजर कोण ठेवणार? डबे कोणी आणायचे, चटया कोणाकडे, हे आठवडाभर आधी ठरतं. हे मात्र ठरत नाही.

आम्ही गेलो होतो तेव्हा शेजारी कॉलेजची मुलं कमरेइतक्या पाण्यात चेंडू खेळत होती. चेंडूमागे दोन पावलं टाकली आणि त्यांच्यातला एक खालीच गेला. ओरडला नाही, हात हलवले नाहीत. डोकं मागे, तोंड उघडं, नुसता वर-खाली. मित्रांना वाटलं, मस्करी करतोय. बुडणारा माणूस बहुतेकदा असाच गप्प बुडतो. जिथे श्वासाचीच मारामार, तिथे हाक कुठून मारणार? ते ओळखलं गावातल्या एका बाबांनी. ते पाण्यात उतरले नाहीत. होडीचा दोर फेकला, दुसऱ्या फेकीत तो मुलाच्या हाती लागला आणि मुलगा वाचला.

"तिथं जुन्या शेताचा बांध हाये, ताई. बांधापुढं दोन पुरुष पाणी," बाबा म्हणाले.

धरणाचा तलाव म्हणजे बुडालेलं खोरं. तुंग-तिकोना या गडांचे उतार काठाशी थांबत नाहीत, ते तसेच पाण्याखाली जातात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. एरवी ते असतं तिथेच, फक्त दिसत नाही. बांध, खड्डे, झाडांचे बुंधे यांचंही तसंच. पातळी सतत बदलते, म्हणून गेल्या वर्षीची सुरक्षित जागा यंदा सुरक्षित असेलच असं नाही. गावकऱ्यांना विचारा. मनाईचा फलक असेल, तर उतरूच नका. सूर तर कुठेच मारू नका.

'आम्हाला पोहता येतं' हे मला सगळ्यांत धोक्याचं वाक्य वाटतं. शहरातल्या तलावात दमलं की कठडा धरता येतो. इथे धरायला काही नाही, गाळात पाय रुततो. उन्हाने वरचं पाणी कोमट असलं तरी खालचं गार असतं. अंगाला गारठा लागला की दम लागतो. पूर्वी पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधून विहिरीत उतरवायचे. आज अंगावर लाइफ जॅकेट घालायला लाज कसली? हवेची ट्यूब मात्र वाऱ्याने आत वाहत जाते, तिच्या भरवशावर मूल सोडू नका. दारू प्यायलेल्याला पाण्यापासून लांबच ठेवा, तो रागावला तरी.

आणि हो, हेच पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळाला जातं. साबण, उष्टं, पत्रावळी पाण्यात नकोत.

कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघंही जातात. दोर, काठी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, हाताला लागेल ते फेका. एकाने ११२ ला फोन करावा. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं नको; त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोरात, भराभर ३० दाब, पुन्हा दोन श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.