चाकाचा आवाज ओळखा, हंगामाआधी बेरिंग तपासा



गटात फिरताना सभासदांच्या जीपमध्ये, मोटारीत बसण्याचा योग नेहमी येतो. पुष्कळदा खालून घुंऽ घुंऽ असा आवाज येत असतो. विचारले तर उत्तर मिळते, "टायर वाजतंय साहेब, चालायचंच." कधी ते खरे असते, कधी नसते. टायर असेल तर एकवेळ चालेल. पण बेरिंग असेल तर चालढकल अंगाशी येते.

चाक फिरते तेव्हा सारा भार बेरिंगमधील गोळ्यांवर किंवा रोलरवर असतो. सील फाटून पाणी, माती आत गेली की ग्रीस खराब होते. मग रोलर व त्याच्या रिंगला बारीक खड्डे पडतात आणि आवाज सुरू होतो. पुढे बेरिंग तापते, चाक हलू लागते आणि शेवटी जाम होते किंवा चाकच निखळते.

आवाज पुढीलप्रमाणे तपासावा.

१) मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून ॲक्सिलेटर सोडावा. इंजिन मंदावूनही आवाज तसाच राहिला, तर तो चाकाकडचा समजावा.

२) सोलापूर-धुळे महामार्गाच्या गुळगुळीत भागावरून गावाकडच्या खडबडीत रस्त्याला लागल्यावर टायरचा आवाज बदलतो. बेरिंगचा आवाज मात्र रस्त्याने फारसा बदलत नाही, वेगाबरोबर कमी-जास्त होतो.

३) मोकळ्या मैदानात बेताच्या वेगाने वळण घ्यावे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. त्यावेळी आवाज वाढला तर डाव्या बाजूचा संशय घ्यावा. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या बाजूचा.

४) सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावून संशयित चाक जॅकवर घ्यावे. गाडीखाली जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवावे. खटखट लागली तर खेळ आला आहे. बॉल जॉइंट झिजला तरी चाक असेच हलते, म्हणून मेकॅनिककडून खात्री करावी. मग चाक हाताने फिरवावे. घरघर लागली की बेरिंग गेलेच समजा.

आता ट्रॉलीचे. ट्रॅक्टरच्या आवाजात ट्रॉलीचे बेरिंग ऐकूच येत नाही. तिथे कान नाही, हात कामाला लावावा लागतो. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर थांबून प्रत्येक हबजवळ हाताची पालथी बाजू न्यावी. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार तापला असेल तर रिकामी ट्रॉली जॅकवर घेऊन ते चाक तपासावे. टायरच्या बैलगाडीलाही हीच रीत लागू आहे.

ट्रॉलीत बहुधा निमुळत्या रोलरचे बेरिंग असते. अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. ते खोलून, धुऊन, नवे ग्रीस भरून बसवता येते. नट आवळताना चाक फिरवत राहावे. जड लागले की थोडा सैल करून चाक मोकळे फिरेल पण हलणार नाही असे ठेवावे. स्प्लिट पिन आणि सील नवे घालावे. खड्डे पडले असतील तर आतला कोन व बाहेरचा कप, दोन्ही बदलावेत. नव्या मोटारींचे बेरिंग मात्र बहुतेक बंद असते. त्यात ग्रीस भरता येत नाही, ते बदलावेच लागते.

उसाने भरलेल्या ट्रॉलीचे चाक रात्री रस्त्यात निखळले तर नुकसान उसापुरते राहत नाही. मागून मोटारसायकलवर येणारा आपल्याच गावचा असतो. तोडणी कामगार अन् त्यांची लेकरे त्याच रस्त्याने ये-जा करतात. त्या मानाने बेरिंगचा खर्च काहीच नाही.

खंडेनवमीला आपण गाड्या धुऊन हार घालतो. यंदा हार घालण्याआधी प्रत्येक चाक एकदा जॅकवर घ्यावे, ही सर्व सभासदांना व वाहनधारकांना नम्र विनंती.

– ऊस विकास अधिकारी