बस्ता बांधण्याआधी माग बघा

ताडकळस आणि आसपासच्या गावांतून छत्रपती संभाजीनगरला जाणं काही नवीन नाही. पूर्णा किंवा परभणीला गाडीत बसलं की मनमाडकडे जाणारी एक्स्प्रेस थेट तिथे नेऊन सोडते. दवाखाना, खंडपीठातलं काम, मुलांचं शिक्षण आणि लग्नाचा बस्ता ही आपली जाण्याची नेहमीची कारणं. यातल्या बस्त्याच्या फेरीला बहुतेक घरं थोडी सहलही जोडतात. खरेदी लवकर आटोपली तर बीबी का मकबरा, त्यातून वेळ उरला तर वेरूळ, आणि जेवण जिथे गाडी थांबेल तिथे. या फेऱ्यांतून लोक काय आणतात, किती मोजतात आणि घरी आल्यावर त्या पिशवीतून काय निघतं हे बरीच वर्षं पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपण फसतो त्याला दुकानदाराच्या लबाडीइतकाच आपण लावलेला क्रम कारणीभूत असतो. खरेदी आधी, शहर नंतर, हाच तो क्रम. तो उलटा केला, म्हणजे आधी शहर पाहिलं, त्यातही कापड कसं विणलं जातं ते पाहिलं आणि शेवटी दुकानाची पायरी चढली, तर पैसा वाचतो आणि शहरही खऱ्या अर्थाने पाहून होतं.

नुकसान नेमकं कुठे होतं ते आधी सांगतो. आपल्याकडे नवरीला पैठणी हवी असते आणि पैठणी या एकाच नावाखाली बाजारात निदान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली हातमागावरची शुद्ध रेशमाची, जिचा पदर कारागीर लहान लहान तिल्ल्यांवर रंगीत धागे घेऊन हाताने गुंफतो. दुसरी यंत्रमागावरची, पण रेशमाची. तिसरी यंत्रमागावरचीच, पण कृत्रिम धाग्याची. बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणतात ती सहसा या शेवटच्या दोहोंपैकी एक असते. मोर, पोपट, कमळ, आसावली, नारळी काठ ही नक्षी तिन्हींवर सारखीच उमटवता येते. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली तर तिन्ही सारख्याच झळाळतात. मेहनतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. भरगच्च पदराच्या हातमागाच्या पैठणीला कारागिराचे कित्येक आठवडे, कधी महिने जातात. यंत्रमागावर तसल्या दिसणाऱ्या साड्या दिवसाला निघतात. हा फरक माहीत नसलेल्या माणसाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारची साडी पहिल्या प्रकारच्या भावाने देणं फारसं अवघड नाही. हिमरूचंही तेच. हातमागावर हिमरू विणणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि पर्यटकांच्या वाटेवर हिमरू म्हणून विकल्या जाणाऱ्या शाली बहुतांशी यंत्रावरच्या असतात.

आता कोणी म्हणेल, साडी ओळखायला शहर कशाला पाहायचं? साडीच नीट पाहावी. या प्रश्नाचं माझं उत्तर असं की त्या भागात कापड आणि शहर वेगळं करताच येत नाही. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणचा उल्लेख भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरची बाजारपेठ म्हणून येतो, आणि त्याच्या पूर्वेला दहा दिवसांवरच्या तेरमधून बंदराकडे कापड जात असल्याची नोंद त्यात आहे. तेर आपल्या मराठवाड्यातलंच, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. म्हणजे या मुलखाचं कापड दोन हजार वर्षांपासून बाहेर जातं आहे. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणलं, १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा केला. १६५३ मध्ये मोगलांचं दख्खनचं ठाणं तिथे स्थिरावलं तेव्हा सरदारांच्या पोशाखासाठी सोन्याचांदीच्या तारांचा किनखाब लागू लागला. सुताच्या उभ्या धाग्यांवर रेशमाचं आडवं विणकाम करून तशीच शोभा कमी खर्चात देणारं कापड म्हणजे हिमरू. पैठणीला पेशव्यांनी आणि नंतर निजामाच्या घराण्यानेही आश्रय दिला. हे सगळं डोक्यात घेऊन जो माणूस मागापुढे उभा राहतो, त्याला दुकानातल्या साडीच्या किमतीत नेमका कशाचा दाम धरला आहे हे कळतं. ज्याला ते कळत नाही त्याच्यासाठी किंमत हा फक्त एक आकडा असतो, आणि नुसत्या आकड्याची घासाघीस करताना दुकानदार आपल्यापेक्षा नेहमीच सरस ठरतो.

आपलीच काही मंडळी आता युरोपच्या सहलीला जातात आणि स्वित्झर्लंडमध्ये चॉकलेट आणि घड्याळ निश्चिंतपणे घेतात. ती निश्चिंती तिथल्या कायद्याने मिळवून दिलेली आहे. बर्न शहराचा जुना भाग १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्याच वर्षी आपलं अजिंठा आणि वेरूळही आलं. पण बर्नच्या दगडी कमानींखाली घड्याळ घेणाऱ्यासाठी १ जानेवारी २०१७ पासून कडक झालेला नियम आहे. घड्याळाच्या निर्मितीखर्चातला किमान साठ टक्के भाग त्या देशात झालेला असल्याखेरीज त्यावर ‘स्विस मेड’ लिहिता येत नाही. आपल्याकडेही पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. शुद्ध रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाचं सिल्क मार्क आहे, हातमागासाठी हँडलूम मार्क आहे. चिन्हं आहेत, पण ती पाहून मगच घेण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. दोन चिन्हांतली गल्लतही फार होते. सिल्क मार्क एवढंच सांगतं की रेशीम अस्सल आहे. साडी हातमागावरची आहे असं ते सांगत नाही. यंत्रमागावरच्या रेशमी साडीवरही ते रीतसर असू शकतं. ‘चिन्ह आहे ना, मग खरी पैठणी’ असं मानून पैसे मोजणाऱ्यांची चूक इथेच होते.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिला मुक्काम पैठणचा असावा. शहरापासून पन्नासेक किलोमीटर. नाथांचं दर्शन होतं, जायकवाडीचा नाथसागर दिसतो आणि मागावर बसलेला कारागीर पाहायला मिळतो. तिथे किमान एवढं पाहावं की पदराची उलटी बाजू सुलटीसारखीच कशी येते. हाताने गुंफलेल्या पदरात एका रंगाचा धागा आपलं काम संपलं की तिथेच परत फिरतो, शेजारच्या रंगात अडकतो आणि मागे लोंबत नाही. यंत्रावरच्या पदराच्या मागे धागे आडवे पसरलेले किंवा कापलेले दिसतात, कधी ते झाकायला जाळी लावलेली असते. अंगभर ब्रोकेड किंवा बुट्टी असलेल्या हातमागाच्या साडीतही बुट्ट्यांच्या मागे धागे दिसू शकतात, तेव्हा निकाल पदरावरून लावावा. रेशमाची शंका असेल तर काठाचा एखादा सुटा धागा मागून घेऊन जाळून पाहावा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. जरीबद्दलही विचारावं. चांदीवर सोन्याचा मुलामा असलेली जर, तांब्यावरची ‘टेस्टेड’ जर आणि प्लॅस्टिकची जर यांच्या भावात मोठं अंतर असतं, आणि विचारल्याशिवाय ते कोणी सांगत नाही. आपला कापूस घेताना व्यापारी मूठभर बोंड हातात घेऊन धागा ओढून पाहतो, ओलावा बघतो आणि मगच भाव काढतो. तो कधी भीड बाळगत नाही. त्याच कापसाचे पैसे घेऊन साडी घ्यायला गेल्यावर आपण मात्र उलटी बाजू पाहायलाही संकोचतो.

या संकोचावर अख्खा बाजार चालतो. गादीवर बसवून चहा-थंड येतो, चाळीस साड्या उघडल्या जातात, आणि आता न घेता उठायचं कसं या विचाराने पाकीट बाहेर निघतं. स्थळांजवळचे काही रिक्षावाले आणि वाटाडे ठराविक दुकानातच नेतात, कारण त्यांचं कमिशन तिथे ठरलेलं असतं आणि ते आपल्याच किमतीतून जातं. दाराशी ‘फॅक्टरी’ अशी पाटी आणि आत शोभेला एक माग, एवढ्यावरून माल त्याच मागावरचा आहे असं धरून चालू नये. समोरची साडी कोणत्या मागावर विणली, किती दिवस लागले, कारागीर कोण, हे तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. खरं विकणारा माणूस त्यांची उत्तरं आनंदाने देतो, कारण त्याच्या मालाची किंमत त्या उत्तरांमुळेच पटते.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मी मनापासून मानतो. सोयाबीनचा भाव पडलेला, कापसाला पाऊस लागलेला, अशा वर्षी हातमागाच्या पैठणीचा हट्ट कोणी कोणाला करू नये. सेमी पैठणी घ्यायला काहीच हरकत नाही. बीबी का मकबरा पाहताना हीच गोष्ट दिसते. आजमशहाने आईच्या स्मरणार्थ बांधलेल्या या इमारतीत घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला संगमरवर आहे, बाकी बरंचसं बांधकाम काळ्या दगडाचं आणि वरून चुन्याच्या गिलाव्याचं. खर्च सुमारे पावणेसात लाख रुपये झाल्याची नोंद सापडते, ताजमहालाच्या तुलनेत फारच थोडा. ज्यांनी बांधलं त्यांनी आपल्या पैशात बसेल ते केलं, आणि ते आजही देखणं आहे. स्वस्त सामान वापरण्यात कमीपणा नाही. ते महाग म्हणून गळ्यात मारण्यात अपराध आहे. तेव्हा सेमी घ्या, पण सेमीच्या भावाने घ्या, आणि नवरीलाही ती काय आहे ते सांगा.

दुसरा आक्षेप वेळेचा. लग्नघरात दहा कामं असताना लेणी कोण पाहणार? खरं तर या आक्षेपातच उपाय आहे. पैठणीची खरेदी बस्त्याच्या धावपळीतून बाहेर काढावी. बाकीचे कपडे परभणीत किंवा नांदेडला खुशाल घ्यावेत, तिथे भाव चांगला मिळतो आणि पाव्हण्यांची संख्याही सांभाळता येते. एक पैठणी आणि हवं तर एक हिमरूची शाल, एवढ्याचसाठी दोन-तीन माणसांनी वेगळी फेरी करावी, एका मुक्कामाची. पहिल्या दिवशी पैठण, दुसऱ्या दिवशी दौलताबादचा देवगिरी, वेरूळ आणि घृष्णेश्वर, संध्याकाळी शहरात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी, आणि मंगळवारी कैलास लेण्याच्या फाटकावरून परतणारी कुटुंबं दरवर्षी दिसतात, म्हणून वार आधी पाहावा. पोटपूजा दुकानाच्या आधी करावी, भुकेला माणूस निर्णय घाईत घेतो. मांसाहार करणाऱ्यांनी शहराचा नान-खलिया जरूर खावा. हा पदार्थ तुघलकाच्या लष्करासोबत चौदाव्या शतकात तिथे आला असं लोक सांगतात, आणि मोठ्या पंगतीचं जेवण म्हणून तो आजही शिजतो. माळकऱ्यांनी गुलमंडीकडे वळावं, तिथली गरम इमरती चुकवू नये. महामार्गावरच्या ढाब्यातलं पनीर तर आपल्या गावाजवळही मिळतं.

काही जण म्हणतात, एवढी चौकशी करूनही शेवटी फसायचं ते फसायचंच. मागापुढे तासभर उभं राहून कोणी जाणकार होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण फसवणूक झाली तर दाद मागता येईल एवढी तरी तयारी ठेवता येते. पक्कं बिल घ्या, आणि त्यावर ‘हातमाग’, ‘शुद्ध रेशीम’ आणि जरीचा प्रकार हे शब्द लिहून घ्या. नुसतं ‘साडी १ नग’ असं लिहिलेलं बिल उपयोगाचं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे करता येते, म्हणजे संभाजीनगरला हेलपाटे न घालता परभणीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला दाव्याचं शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुकानदाराने हे शब्द लिहायला नकार दिला तर तोच त्या साडीबद्दलचा खरा जबाब समजावा आणि उठावं.

हातमागाची पैठणी हवी असेल तर ती तयार साड्यांच्या ढिगातून निवडण्यापेक्षा सांगून विणून घेणं केव्हाही चांगलं. रंग, काठ, पदराची लांबी ठरवून थोडी रक्कम आगाऊ द्यावी आणि देण्याची तारीख बिलावर लिहून घ्यावी. तिला लागणारे आठवडे धरले तर तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी पैठणची फेरी ज्येष्ठ-आषाढात, पेरणी उरकली की लगेच करून यावी.