पोटगीची वसुली : वेतनातून कपातीचा मार्ग

न्यायालयाने पोटगीचा आदेश दिला की प्रकरण संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः आदेश हातात पडल्यानंतरच अनेक स्त्रियांची खरी अडचण सुरू होते. पहिले एक-दोन महिने रक्कम येते, मग थांबते. थकबाकीसाठी पुन्हा तालुक्याच्या न्यायालयात खेटे घालावे लागतात. मुलांची फी आणि घरातील धान्य तर महिन्याच्या महिन्याला लागते. पोटगी देणारी व्यक्ती नोकरदार असेल, तर रक्कम तिच्या हाती पडण्यापूर्वीच वेतनातून वळती करून घेणे हा या अडचणीवरील सर्वांत खात्रीचा उपाय होय. तो सफल होणे बऱ्याच अंशी वेतन देणाऱ्या कार्यालयावर अवलंबून असते. म्हणून त्याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

कायद्यातील आधार

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ ने घेतली आहे. या कलमाखालील थकबाकी दंडाच्या वसुलीप्रमाणे वॉरंट काढून वसूल करता येते. वॉरंटानंतरही रक्कम न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कारावासाची तरतूद आहे. तथापि, तुरुंगात गेल्याने देणे फिटत नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वॉरंटासाठी अर्ज करावा लागतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये याहून थेट मार्ग आहे. आर्थिक साहाय्याचा आदेश पाळला गेला नाही, तर कलम २० (६) अन्वये दंडाधिकारी मालकालाच आदेश देऊ शकतात की, वेतनाचा वा मजुरीचा काही भाग पीडित स्त्रीला परस्पर द्यावा किंवा न्यायालयात भरावा.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खालील पोटगीची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे होते. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणी ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोटगीच्या आदेशाची अंमलबजावणी पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे, दिवाणी प्रक्रिया संहितेतील जप्तीच्या तरतुदींनुसारही करता येते.

किती वेतन जप्त होऊ शकते?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० ने पोटगी आणि इतर कर्ज यांत मोठा भेद केला आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात वेतनातील पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश यांना जप्तीतून सूट मिळते. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र केवळ एक-तृतीयांश वेतन सुरक्षित राहते. हिशेबासाठी धरलेले वेतन ३०,००० रुपये असेल, तर साध्या कर्जासाठी सुमारे ९,६६७ रुपये जप्त होऊ शकतात. पोटगीसाठी ही मर्यादा २०,००० रुपयांपर्यंत जाते. अर्थात, ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष कपात न्यायालयाने ठरविलेल्या रकमेइतकीच करावयाची असते.

दुसरा भेदही महत्त्वाचा आहे. साध्या कर्जासाठी एकाच हुकूमनाम्याखाली वेतनाची जप्ती एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरते वेतन कायमचे मुक्त होते. ही सवलत पोटगीच्या तरतुदीला जोडलेली नाही. पोटच्या मुलांचे आणि पत्नीचे पालनपोषण हे सावकाराच्या देण्यासारखे नव्हे, हे तत्त्व यामागे दिसते.

कार्यालयाची जबाबदारी

शासन, रेल्वे व स्थानिक प्राधिकरणे यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आदेश २१, नियम ४८ लागू होतो. जिल्हा परिषद, पंचायत समिती व नगरपालिका यांचे कर्मचारी यात येतात. न्यायालय रक्कम एकदम किंवा मासिक हप्त्यांनी कापून पाठविण्याचा आदेश देते. वेतन देणारा अधिकारी त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर असला, तरी असा आदेश देता येतो. साताऱ्यातील न्यायालयाचा आदेश मुंबईतील शासकीय कार्यालयावर बंधनकारक असतो, तो यामुळेच. आदेश डावलून कर्मचाऱ्याला पूर्ण वेतन दिले गेल्यास त्या रकमेची जबाबदारी शासनावर वा संबंधित संस्थेवर येते. पूर्वीच्या एखाद्या आदेशाखाली जप्तीयोग्य सर्व भाग आधीच कापला जात असेल, तर नवा आदेश दप्तरात ठेवून देऊ नये. संपूर्ण तपशिलासह तो न्यायालयाकडे तत्काळ परत पाठवावा, असे नियम सांगतो. बदलीच्या वेळी अंतिम वेतन प्रमाणपत्रात कपातीची नोंद केल्यास नव्या कार्यालयात खंड पडत नाही.

खाजगी नोकरांसाठी नियम ४८-अ आहे. त्यात वेतन देणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो. नसल्यास हुकूमनामा योग्य न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो.

मर्यादा आणि मार्गदर्शन

शेती, छोटा व्यापार किंवा रोजंदारी यांवर जगणाऱ्यांच्या बाबतीत हा उपाय अपुरा पडतो. कलम ६० नुसार मजुरांची व घरगडी यांची मजुरी जप्त होत नाही. अशा वेळी मालमत्तेची जप्ती, किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली, हे मार्ग उरतात.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अशा स्त्रीला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. आदेशाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. पतीच्या कार्यालयाचे नाव, पत्ता व पद यांची बिनचूक माहिती अर्जात द्यावी. थकबाकी साचू न देता वर्षाच्या आत न्यायालयात जावे. वकिलाच्या खर्चाची चिंता करण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवेचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

वेतन देयकातील कपातीची एक ओळ कारकुनाला किरकोळ वाटेल. परंतु त्या ओळीमुळे एका घरात महिन्याच्या ठरल्या दिवशी पैसे पोहोचतात आणि एका आईचा न्यायालयाचा हेलपाटा वाचतो. न्यायालयाचा आदेश कागदावरून घरापर्यंत नेण्याचे काम अशा रीतीने कार्यालयातील टेबलावरच पूर्ण होते.