ताप तुला, भूक बाळाला

काल फोनवर तू "मी बरी आहे गं ताई" म्हणालीस तेव्हाच ओळखलं, बरी नाहीयेस. आवाज घोगरा, मागे छकुलीची रड. अंगात एकशे दोन ताप, पदरात पाच महिन्यांचं लेकरू, आणि नवरा सकाळच्या लोकलने गेला की रात्री आठच्या आत काही विचुंब्यात उगवत नाही. बोलायचं त्राण नसेल तर नुसतं वाच.

आधी दुधाचं. सासूबाई म्हणाल्या असतील, तापात पाजू नकोस, बाळाला बाधेल. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलंय. मीसुद्धा ऐकलं होतं. सात वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, इथेच मला डेंग्यू झाला. बिल्डिंगीत पाणी पुरायचं नाही म्हणून प्रत्येकाच्या गॅलरीत पिंप भरलेलं, आणि डेंग्यूच्या डासाला तसंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. (तुझं पिंप झाकलेलं आहे ना? हा डास दिवसा चावतो, छकुलीला दुपारीही मच्छरदाणीतच निजव.) एका डॉक्टरांनी फार न विचारता पावडरच्या दुधाचा डबा लिहून दिला. दोन दिवस मी पाजलं नाही. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, उजवीकडे लालभडक चट्टा, हात वर जाईना. डेंग्यूपेक्षा त्या गाठींनी जास्त रडवलं मला. दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाजणं थांबवलं म्हणूनच हे झालं, आत्ताच्या आत्ता बाळाला लावा.

त्यांनी नीट समजावलं. तुला ताप चढेपर्यंत तुझ्या श्वासातून, हातांतून जे जायचं ते बाळापर्यंत बहुतेक गेलेलंच असतं. त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तुझं शरीर तयार करतं आणि ती दुधातून तिला मिळतात. नेमकं आजारपणात तेच तोडायचं? कोविडच्या वेळी, 2020 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही मातांना हेच सांगितलं होतं: हात धुवा, मास्क लावा, पाजत राहा. एचआयव्ही, क्षयरोग, कर्करोगाची औषधं, अशा ठिकाणी वेगळा विचार करावा लागतो, तो डॉक्टरांनी करायचा, शेजारणीने नव्हे.

म्हणून दवाखान्यात शिरल्यावर पहिलं वाक्य हेच म्हण, "मी अंगावर पाजते, बाळ पाच महिन्यांचं आहे." पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन नको, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ब्रुफेनही नको. सर्दी सुकवणाऱ्या काही गोळ्यांनी दूधही आटतं, त्या केमिस्टकडून परस्पर आणू नकोस. मलेरिया निघाला तर बाळाचं वय आवर्जून सांग, कारण पाजणाऱ्या आईला प्रायमाक्विन द्यायचं की नाही, हे त्यावरही ठरतं.

आता घर. गादी जमिनीवर टाक. पलंग नको, सोफा तर मुळीच नको. हाताशी पाण्याची बाटली, लंगोट, थर्मामीटर, बिस्किटं. कुशीवर वळून पाज. तिला उचलून फेऱ्या मारू नकोस, एकदा मला गॅसपाशी भोवळ आली होती, कडेवर बाळ होतं, ओट्याला धरून कशीबशी खाली बसले. पाजून झालं की तिला बाजूला, सपाट अंथरुणावर उताणी निजव. तापाच्या गुंगीत कुशीत ठेवून झोपू नकोस. तू पेज, ताक, ओआरएस घोट घोट घेत राहा, तापात पाणी कमी पडलं की दूधही कमी वाटतं. दिवसात सहाएक लंगोट ओले होतात ना, मग तिचं पोट भरतंय. खरकटं पडू दे. माझ्याकडे तीन दिवस पडलं होतं, कुणी मेलं नाही.

आणि "काही मदत हवी का?" असं कुणी विचारलं की "नको नको" म्हणायची आपली खोड सोड. काम नेमकं सांग. गावठाणातल्या काकू एकदा दारात उभ्या राहिल्या, "काय गो, जेवलीस का?" मी म्हटलं, "काकू, दोन तास ह्याला घ्या." त्यांनी घेतलं, वर तांदळाची पेजही आणली. नवऱ्यालाही "जरा बघ ना" म्हणू नकोस. उद्या सुट्टी टाक, असंच सांग.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. डेंग्यूत ताप उतरला की बायका उठून कामाला लागतात, आणि घात तिथेच होतो. ताप उतरताना पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा फार सुस्ती वाटली, तर रात्र असली तरी निघायचं. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आहे, 108 ला फोन कर. छकुलीचं अंग तापलं, ती ओढून पीत नसेल किंवा मलूल पडली, तर तिलाही त्याच वेळी दाखव.

उद्या पोराला शाळेत सोडून मी साडेआठपर्यंत येते. वरणभात आणि तुझ्यासाठी लिंबाचं गोड लोणचं, तोंडाला चव नसेलच. दाराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे देऊन ठेव. बेल वाजवणार नाही, तू उठूही नकोस.