कुलाबा कुलाब्यात नाही

आजोबांच्या लष्करी नोकरीच्या कागदावर जन्मस्थान म्हणून एवढेच लिहिले होते: कुलाबा. इस्राएलमधल्या अश्दोदहून आलेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, कुटुंबाने साहजिकच मुंबईच्या कुलाब्यात, गेटवेच्या अंगाला, भरभक्कम भाड्याच्या खोल्या घेतल्या. पहिली सकाळ कॉजवेच्या गल्ल्यांमध्ये आजोबांची आळी विचारण्यात गेली. शेवटी एका जुन्या हॉटेलात गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अहो बाई, हा कुलाबा तो नव्हे. तो तिकडे, पाण्यापलीकडे."

आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होता. नाव आले अलिबागसमोर समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यावरून. जुन्या दाखल्यांत, शाळेच्या नोंदींत, सैन्याच्या कागदांत हेच नाव सापडते, आणि इस्राएलमध्ये जन्मलेल्या पिढीला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. कुटुंबातल्या आजीबाई निवृत्त परिचारिका. लहानपणी मुंबई सोडलेली, पण मराठी अजून खणखणीत. कोकणात मात्र त्या कधीच गेल्या नव्हत्या. आता त्या अश्दोदमधल्या मराठी मंडळींना सगळी सफर रंगवून सांगतात आणि प्रत्येक किश्श्याच्या शेवटी एक सूचना जोडतात. त्या सूचना इथल्या वाचकांच्याही कामाच्या आहेत, कारण अशा पाहुण्यांना स्टेशनवर उतरवून घेणारे, गाडी ठरवून देणारे बहुतेक वेळा आपल्यातलेच कोणीतरी असते.

सहलीची आखणी मुलाने केली होती. मुंबई, कोची, पुणे आणि जाता जाता अलिबाग. ‘ज्यू भारत’ असे शोधले की हाच मार्ग पुढे येतो. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग, काळा घोड्याजवळचे १८८४ चे केनेसेथ एलियाहू, पुण्याच्या कॅम्पातले १८६७ चे लाल देऊळ, मट्टानचेरीचे १५६८ चे परदेशी सिनेगॉग. एकेक वास्तू देखणी आहे, पाहावी अशीच आहे. पण पहिली तीन ससून घराण्याने, म्हणजे बगदादी ज्यूंनी बांधली, आणि कोचीचे ज्यू हा तर सर्वस्वी वेगळा समाज. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्राएलांची वस्ती पेण, अलिबाग, रेवदंडा, रोहे, मुरुड या पट्ट्यात होती. या कुटुंबाचा बराच वेळ कोचीच्या विमानांत गेला आणि आजोबांच्या तालुक्याच्या वाट्याला एक घाईची दुपार आली. आजीबाई मुलाला अजून ऐकवतात, "दुसऱ्याच्या आजोबांचं घर बघायला एवढा खर्च केलास."

म्हणून शहरे ठरवण्याआधी नावे ठरवावीत. या बाबतीत बेने इस्राएल नशीबवान आहेत. त्यांचे गाव आडनावातच आहे. किहीमकर, नवगावकर, झिराडकर, आवासकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. अडचण दोन ठिकाणी येते. इस्राएलला गेल्यावर अनेकांनी आडनाव टाकले किंवा हिब्रू करून घेतले, त्यामुळे नातवाच्या पासपोर्टावर गावाचा मागमूस नसतो. दुसरे म्हणजे जुन्या पिढ्यांची घरातली नावे. शमुवेलचा सामाजी होई, यहेज्केलचा हसाजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग, मांडवीचे शार हारहमीम, १७९६ मध्ये ज्यांनी बांधले, त्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांना लोक सामाजी हसाजी म्हणूनच ओळखत. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून दोन्ही नावे, माहेरची आडनावे आणि तालुका लिहून घ्यावा, आणि हे सारे देवनागरीत लिहून घ्यावे. रोमन अक्षरांतून गाव शोधणे हा स्वतंत्र छळ आहे.

एकाच नावाची गावे हा दुसरा सापळा. नकाशात खंडाळा टाकले की तो लोणावळ्याच्या घाटात नेऊन सोडतो. बेने इस्राएलांना हवे असते ते अलिबागजवळचे खंडाळे, जिथे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा असल्याचे मानतात तो खडक आहे. नांदगाव म्हटले की नाशिककडचे रेल्वे स्टेशन समोर येते. सिनेगॉग असलेले नांदगाव मुरुडच्या वाटेवर समुद्रकाठी आहे. या कुटुंबाचा चालक पुण्याचा होता. त्याने कोणालाही न विचारता गाडी द्रुतगती मार्गाला घातली आणि मंडळी घाटात पोहोचल्यावर चूक लक्षात आली. तालुका आणि पिन कोड हाताशी असता तर हा वळसा पडला नसता.

व्हिसाचेही आधी पाहावे. पर्यटनासाठी ई-व्हिसा पुरतो. ज्यांचे येणे-जाणे वाढणार आहे त्यांनी ओसीआय कार्डाचा विचार करावा; भारतीय नागरिकाच्या पणतवंडांपर्यंत ते मिळू शकते. मात्र पणजोबा भारतीय होते याचा कागद लागतो, आणि तो अश्दोदच्या माळ्यावर असतो, अलिबागच्या कचेरीत नव्हे. कराचीत एके काळी बेने इस्राएलांची मोठी वस्ती होती. फाळणीनंतर ज्यांचे पूर्वज पाकिस्तानचे नागरिक झाले, त्यांना हे कार्ड मिळत नाही. अर्ज भरण्याआधी घरात हे विचारलेले बरे.

आता ऋतू. इस्राएलमधल्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते, म्हणून कुटुंबे नेमकी तेव्हाच निघतात. कोकणात तेव्हा धो धो पाऊस असतो. गेटवे ते मांडवा ही तासाभराची लाँच पावसाळ्यात बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून सुरू झालेली रो-रो बोट हवामान पाहून सुटते. रस्त्याने जायचे तर २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू मुंबईतून बाहेर पडायला उत्तम, पण पुढे मुंबई-गोवा महामार्गाचे रखडलेले काम सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्यातल्या सणांच्या सुट्टीत यावे म्हटले तर एखाद्या वर्षी गणपतीची गर्दी त्याच सुमारास असते. डिसेंबरअखेर अलिबागला मुंबईकरांची झुंबड, खोल्यांचे भाव आभाळाला. पेसाह या ज्यू सणाची सुट्टी उन्हाची असते, पण रस्ते मोकळे मिळतात. शाळेची अडचण नसलेल्यांसाठी जानेवारी-फेब्रुवारीइतका चांगला काळ नाही.

सिनेगॉगला न कळवता जाऊ नये. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत नरिमन हाउसवर हल्ला झाला, आणि तेव्हापासून मोठ्या सिनेगॉगांबाहेर पोलीस असतात, ओळखपत्र विचारतात. पासपोर्टाची प्रत जवळ असावी, फोटोची परवानगी आधी घ्यावी. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दिवशी हौशी पाहुण्यांसाठी दार उघडेल अशी अपेक्षा धरू नये. प्रार्थनेसाठी जायचे असेल तर आदल्या आठवड्यात विश्वस्तांशी बोलावे. रायगडातल्या गावांमध्ये आता मोजकी घरे उरली आहेत आणि सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. अशा ठिकाणी पाहुण्यांनी निरोप दिला तर यजमानांचीच सोय होते. अलिबागला पत्ता विचारताना ‘सिनेगॉग’ म्हणून भागत नाही. इस्राएल आळी विचारा, रिक्षावाला नीट नेतो.

गावात शिरताना वेगळीच खबरदारी लागते. अलिबाग तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आहे. परदेशी पेहरावातली चार माणसे गाडीतून उतरून "आमच्या पणजोबांचं घर कुठे होतं?" असे विचारू लागली की गाव सावध होते. आजीबाईंच्या मुलाने तर मोबाइलवर नकाशा उघडून घरांचे फोटो घ्यायला सुरुवात केली. ओट्यावर जाळे विणत बसलेल्या एका गृहस्थांचे हात थांबले. "जागेचा काय काम हाय का?" त्यांनी विचारले. आजीबाई पुढे झाल्या, ओट्याच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "नाही हो दादा, जागा नको. आमचे लोक इथं घाणा चालवायचे, तेवढं बघून जायचंय." मग आतून पाणी आले, पाठोपाठ चहा आला, आणि पलीकडच्या वाडीत घाण्याचा दगड पडून आहे हेही कळले. दगडाभोवती रान माजले होते. मधली खाच पावसाच्या पाण्याने भरलेली. हा दगड आजोबांच्याच घाण्याचा, असे कोणीही छातीठोक सांगू शकले नाही, आणि आजीबाईंनी तसा आग्रहही धरला नाही. मराठी बोलणारे माणूस पुढे असावे आणि सातबाराचा विषय चुकूनही काढू नये, एवढे त्यांनी तिथे शिकून घेतले.

कबरस्तानाला मात्र पुरेसा वेळ द्यायला हवा. सात पुरुष आणि सात स्त्रिया गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी परंपरा आहे. बुडालेल्यांना जिथे पुरले असे सांगतात ते उंचवटे नवगावच्या जुन्या कबरस्तानात दाखवतात. तिथली ओढ वेगळी. पण घराण्याचा खरा पत्ता मिळतो तो नंतरच्या काळातल्या, नावे कोरलेल्या दगडांवर. अनेक दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी. हिब्रू वाचणारा नातू आणि मराठी वाचणारी आजी अशी जोडी असली तरच पूर्ण मजकूर लागतो. अक्षरे शेवाळली असतील तर साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. खडू, पीठ, तारेचा ब्रश यांनी दगड खराब होतो. तारीख हिब्रू पंचांगातली असू शकते, तेव्हा फोटो सरळ समोरून घ्यावा आणि हिशेब मुक्कामावर करावा.

मुंबई पूर्वजांच्या शोधातून वगळू नये. ब्रिटिश अमदानीत फौजेच्या आणि कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे बहुतेक घराणी आधी मुंबईला आली होती. माझगावची आजची सर एली कदुरी शाळा म्हणजे १८७५ मध्ये सुरू झालेली इस्रायली शाळा. कित्येकांचे आजी-आजोबा तिथे शिकले. वरळीला बेने इस्राएल कबरस्तान आहे, आणि ते ज्या डॉ. ई. मोझेस रस्त्याच्या परिसरात आहे तो रस्ता १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर असलेल्या बेने इस्राएल डॉक्टरांच्या नावाचा. पुण्यात लाल देऊळ पाहून लगेच गाडीत बसू नये. बेने इस्राएलांचे सुक्कथ शलोमो सिनेगॉग रास्ता पेठेत आहे.

जेवणाची फार चिंता नको. कोशर हॉटेल कोकणात शोधून मिळणार नाही. आमटी-भात, घावन, नारळाच्या दुधातल्या भाज्या, सोलकढी यांवर प्रवास निभतो. कोशरमध्ये न बसणाऱ्या कोळंबी आणि तिसऱ्या ताटात येणारच, तेव्हा खानावळीत शिरतानाच सांगावे.

तिकिटे काढण्यापूर्वी हिब्रू पंचांगातला श्वाट महिना कधी येतो तेवढे पाहून ठेवा. त्याची पंधरावी तारीख, टू बिश्वात, बेने इस्राएल एलियाहू हन्नाबीच्या नावाने पाळतात. पोहे, खोबरे, साखर आणि फळांची मलिदा होते, आणि खंडाळ्याच्या त्या खडकाकडे ठिकठिकाणची कुटुंबे येतात. तुमच्या गावचे, तुमच्या आडनावाचे कोणी भेटायचे असेल तर तिथेच भेटण्याची शक्यता सर्वात जास्त. हा दिवस जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो. तेव्हा लाँच चालू असते.