बाराखडीतून जपानी कीबोर्ड : स्क्रॅचमधला एक उपक्रम (इयत्ता ५ वी ते ७ वी)



"कोडिंग शिकायचं तर इंग्रजी पक्कं पाहिजे, आणि परदेशी भाषा म्हणजे मोठ्या शहरातल्या शाळांचं काम." हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच पालकांची हीच काळजी असते, आणि त्यापायी पोराची चांगली चाललेली मराठी शाळा बदलली जाते. या लेखात असा एक उपक्रम देत आहे, ज्यात कोडिंगही आहे आणि जपानी भाषाही आहे. दोन्हींचा पाया मात्र आपली वर्णमाला आहे.

जपानी भाषा आपल्या मराठवाड्याला अगदीच परकी राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवरच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये परदेशी भाषा शिकवायचं ठरवलं. कोणती भाषा हवी असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी जपानी निवडली, कारण त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ होती. खेड्यातल्या मराठी शाळेत हे घडलं, हे लक्षात ठेवू आणि पुढे जाऊ.

जपानी तक्ता आणि आपली वर्णमाला

जपानी मुलं आधी हिरागाना ही लिपी शिकतात. तिच्यात 'क' आणि 'इ' वेगळे लिहीत नाहीत, 'कि' हे एक अख्खं अक्षर असतं. मूळ अक्षरं ४६. त्यांचा तक्ता असा :

स्वर : अ, इ, उ, ए, ओ.
ओळी : अ, क, स, त, न, ह, म, य, र, व.

आता हा क्रम मोठ्याने म्हणून पहा. क, मग त, न, मग म, मग य, र, व. ओळखीचा वाटतो ना? ही आपलीच वर्णमाला आहे, फक्त जपानीत नसलेले आवाज गाळलेले आहेत. 'च'च्या जागी 'स' आहे आणि 'प'च्या जागी 'ह'. भाषातज्ज्ञ सांगतात की जुन्या जपानीत 'ह'च्या ओळीचा उच्चार 'प'सारखा होता आणि 'स'च्या ओळीचा 'च' किंवा 'त्स'च्या जवळचा. म्हणजे जागा बरोबरच होत्या, उच्चार नंतर बदलले.

हे असं का झालं? बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र शिकण्यासाठी सिद्धम् ही भारतीय लिपी अभ्यासत. त्या अभ्यासातून साधारण हजार वर्षांपूर्वी जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. भारत-जपान संबंध त्याहून जुना आहे. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचले, आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे रेखण्याचा विधी त्यांच्या हस्ते झाला.

म्हणजे जपानी तक्ता पहिल्यांदा पाहणाऱ्या आपल्या मुलाला त्याची मांडणी आधीच पाठ असते.

आधी कागदावर

स्क्रॅच उघडण्याआधी एक तास वही-पेन्सिलवर द्या. मुलांना विचारा, "कीबोर्डला किती बटणं लागतील?"

मूळ अक्षरं ४६. त्यातल्या काही अक्षरांवर दोन छोट्या रेघा दिल्या की क चा ग, स चा झ, त चा द, ह चा ब होतो. ही २० अक्षरं. 'ह'च्या ओळीवर छोटं वर्तुळ दिलं की 'प' होतो. ही ५. एकूण ७१. मग ७१ बटणं करायची का?

इथे बाराखडी कामाला येते. आपण 'मो' कसा करतो? म आणि ओ मिळून. मग ९ व्यंजनं, ५ स्वर, एक 'न्', एक दोन रेघांचं, एक वर्तुळाचं आणि एक खोडायचं अशी १८ बटणं पुरतात.

आता वहीत ५१ चौकटी आखा. पहिल्या पाचात अ-ओळ, पुढच्या पाचात क-ओळ, असं भरत जा. 'य'च्या ओळीत फक्त य, यु, यो आहेत, 'व'च्या ओळीत पहिलं आणि शेवटचं. रिकाम्या ५ चौकटीत चांदणी काढा. ५१ व्या चौकटीत 'न्'. चौकटीचा क्रमांक काढायचं सूत्र मुलांनाच शोधू द्या :

क्रमांक = (ओळ − १) × ५ + स्तंभ

'म' सातवी ओळ, 'ओ' पाचवा स्तंभ. ६ × ५ + ५ = ३५. पस्तिसाव्या चौकटीत 'मो' सापडला की मुलांचे चेहरे पहा!

स्क्रॅचमध्ये कृती

स्क्रॅच हे एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. ठोकळे जोडून प्रोग्राम बनतो. नेट नसेल तर ऑफलाइन आवृत्ती संगणकावर टाकून ठेवा. त्याच्या भाषांच्या यादीत जपानी दोनदा दिसते. त्यातली एक फक्त हिरागानात आहे, कारण लहान जपानी मुलंही आपल्या सोप्या अक्षरांतूनच कोडिंग शिकतात.

१. चल तयार करा : ओळ, स्तंभ, क्रमांक, तक्ता, वाक्य. नावं मराठीत चालतात. आकडे मात्र इंग्रजी अंकांत टाका, देवनागरी अंक स्क्रॅच संख्या म्हणून धरत नाही. 'लेखन' नावाची एक यादी करा.

२. हिरवा झेंडा दाबल्यावर : ओळ १, क्रमांक ०, यादी रिकामी, वाक्य रिकामं. 'तक्ता' या चलात ५१ चौकटींतली जपानी अक्षरं आणि चांदण्या सलग चिकटवा.

३. व्यंजनाचं एक बटण काढा. चित्र काढण्याच्या पानावर अक्षरांसाठी जपानी फॉन्ट निवडता येतो. या बटणावर क्लिक केल्यावर 'ओळ'ला तिचा आकडा द्यायचा. हे बटण डुप्लिकेट करून बाकीची आठ करा, फक्त चित्र आणि आकडा बदला.

४. स्वराच्या बटणावर क्लिक केल्यावर 'स्तंभ'ला आकडा द्या आणि 'लिही' असा संदेश प्रसारित करा.

५. 'लिही' संदेश मिळाल्यावर : सूत्राने क्रमांक काढा. तक्त्यातलं त्या क्रमांकाचं अक्षर चांदणी नसेल तर यादीत घाला. चांदणी असेल तर क्रमांक ० करा. शेवटी ओळ पुन्हा १ करा.

ओळ पुन्हा १ का करायची? म्हणजे नुसता स्वर दाबला की 'अ', 'इ' सुटे उमटतात, आणि व्यंजनानंतर दाबला की जोडून येतात. मराठीत स्वर आणि स्वरचिन्ह यांत जो फरक आहे, तोच हा!

६. 'न्' चं बटण : क्रमांक ५१ करून ते अक्षर यादीत घाला.

७. खोडायचं बटण : यादीतला शेवटचा घटक काढा, क्रमांक ० करा.

८. दोन रेघांचं बटण : ५१ अक्षरांचा दुसरा तक्ता करा, त्यात क च्या जागी ग, त च्या जागी द वगैरे. न बदलणारी अक्षरं तशीच ठेवा. क्रमांक ० पेक्षा मोठा असेल तर यादीतला शेवटचा घटक काढून त्याच क्रमांकाचं अक्षर दुसऱ्या तक्त्यातून आणा. वर्तुळासाठी असाच तिसरा तक्ता.

प्रत्येक बदलानंतर 'वाक्य'मध्ये 'लेखन' यादी भरा आणि ते पडद्यावर मोठं दाखवा. घटक एकेका अक्षराचे असल्याने स्क्रॅच ते मध्ये जागा न सोडता जोडतं. नेट असेल तर मजकूर वाचून दाखवणारा विस्तार जोडून भाषा जपानी निवडा, लिहिलेलं ऐकायलाही मिळेल.

नांदेड लिहून पाहू

जपानीत 'न्' सोडून पाय मोडलेलं व्यंजन नाही. म्हणून शेवटच्या 'ड्'ला स्वर द्यावा लागतो : ना-न्-दे-दो. बटणं अशी : न, अ / न् / त, ए, दोन रेघा / त, ओ, दोन रेघा. दीर्घ स्वरासाठी जपानीत एक आडवी रेघ येते. ते एकोणिसावं बटण मुलांवर सोडा.

'लातूर' लिहिताना खरी मजा येते. 'ल' नाही, म्हणून 'र' घ्यावा लागतो. आणि त + उ दाबलं की 'तु' न येता 'त्सु' येतो! तसंच स + इ ची 'शि', त + इ ची 'चि', ह + उ चा 'फु' होतो. परदेशी गावांची नावं जपानी लोक काताकाना या दुसऱ्या लिपीत लिहितात. तिचा क्रम हाच असल्याने फक्त तक्त्यांतली अक्षरं बदलायची. बटणांच्या आज्ञांमधला एकही ठोकळा हलवावा लागत नाही.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. 'नु'चा क्रमांक किती?
२. क्रमांक ४३ वर कोणतं अक्षर आहे?
३. खोडल्यावर क्रमांक ० केला नाही आणि लगेच दोन रेघा दाबल्या, तर काय होईल?
४. मराठी बाराखडीसाठी असाच कीबोर्ड करायचा तर तक्त्यात किती ओळी, किती स्तंभ लागतील?

चौथा प्रश्न जरूर द्या. त्यात मुलाला आपली लिपी नव्याने दिसते.

पालकहो, या उपक्रमाने मूल जपानी बोलायला लागणार नाही. त्यासाठी शिक्षक आणि बराच सराव लागतो. पण वर्णमाला ही नुसती पाठ करायची कविता नसून आवाजांचं विचारपूर्वक मांडलेलं कोष्टक आहे, हे त्याला कळेल. कोष्टक कळलं की सूत्र येतं, आणि सूत्र आलं की कोडिंग फार लांब नाही. तेव्हा शाळा बदलण्याआधी एकदा घरी मुलासोबत वर्णमालेचा तक्ता घेऊन बसा आणि विचारा, "क नंतर च का येतो रे?" पुढचं तो शोधेल.

उपक्रम करून पाहिलात तर आपल्या मुलांनी केलेले बदल नक्की कळवा.