पूर्वमुखी फ्लॅट घ्यायचाय? आधी खिडक्या कुठे उघडतात ते बघा!



घरातूनच धंदा सुरू करायचा आणि त्यासाठी फ्लॅट बघायचा, असा विचार करणारे आपल्यात बरेच जण आहेत. कुणाला मसाले करायचेत, कुणाला शिवणकाम, कुणाला क्लास. मग जळगावात महाबळ-पिंप्राळ्याला जा, नाहीतर धुळ्यात देवपूर-साक्री रोडला, साइटवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पूर्वमुखी आहे, एकदम वास्तूप्रमाणे!" आणि या एका वाक्यावर भाव वाढतो.

वास्तू मानायची की नाही, हा आजचा विषय नाही. मानत असाल तर नीट तपासून माना. मानत नसाल तरी दिशा समजून घ्या, कारण खान्देशातलं ऊन कुणाची श्रद्धा विचारत नाही. व्हिडिओत जे पटापट सांगितलं, ते इथे सावकाश बघू.

१. वास्तू मुळात काय सांगते?

हे शास्त्र जुनं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येवर स्वतंत्र अध्याय आहे. आज सगळीकडे सांगितले जाणारे मुख्य नियम एवढेच:

- ईशान्य (उत्तर-पूर्व कोपरा): मोकळी, स्वच्छ, हलकी. देवघर, पाणी.
- आग्नेय (दक्षिण-पूर्व): स्वयंपाकघर.
- नैऋत्य (दक्षिण-पश्चिम): जड सामान, घरच्या कर्त्याची खोली, तिजोरी.
- वायव्य (उत्तर-पश्चिम): धान्य, साठवण, पाहुण्यांची खोली.
- मध्यभाग, म्हणजे ब्रह्मस्थान: मोकळा.

आता हेच हवामानाच्या नजरेने बघा. पूर्वेचं सकाळचं कोवळं ऊन घरात यावं म्हणून तो भाग मोकळा. दुपारनंतरचं ऊन अंगावर घेणाऱ्या नैऋत्येला जाड भिंती आणि सामान. आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांतही हाच विचार दिसतो: जाड मातीच्या भिंती, वर मातीचा थर, बाहेर कमी खिडक्या आणि आत चौक.

२. "पूर्वमुखी" म्हणजे नेमकं काय?

आजच्या पाठातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे.

जुन्या घरात दार उघडलं की समोर अंगण असायचं. दार पूर्वेला, म्हणजे ऊनही पूर्वेचं. फ्लॅटमध्ये तसं नसतं. फ्लॅटचं दार उघडतं पॅसेजमध्ये. तिथे समोर लिफ्ट असते, जिना असतो, शेजाऱ्याचं दार असतं. सूर्य कुठेच नसतो!

मग ऊन आणि वारा येतो कुठून? खिडक्या आणि बाल्कनीतून. आणि बऱ्याच इमारतींत मधे पॅसेज, दोन्ही बाजूंना फ्लॅट अशी रचना असते. अशा ठिकाणी ज्या फ्लॅटचं दार पूर्वेला, त्याच्या मुख्य खिडक्या बहुतेक वेळा उलट बाजूला, म्हणजे पश्चिमेला निघतात. कोपऱ्याच्या फ्लॅटला आणखी एक बाजू मिळते, ते वेगळं.

म्हणजे कसं झालं बघा. पूर्वमुखी म्हणून जादा पैसे दिले आणि घरात आलं मे महिन्यातलं दुपारचं ऊन.

त्यामुळे साइटवर तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: इमारतीचं तोंड कुठे? फ्लॅटचं दार कुठे? खिडक्या-बाल्कनी कुठे? "मुखी" या शब्दात विक्रेता यातलं कुठलंही एक पकडू शकतो.

दिशा स्वतः मोजा. मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडामुळे फसतं, म्हणून लिफ्ट, ग्रिल, कॉलम यांच्यापासून लांब उभं राहून तीन-चार ठिकाणी मोजा. आकडे जुळले नाहीत तर इमारतीच्या बाहेर मोकळ्या जागेत पुन्हा मोजा. मंजूर नकाशावर उत्तरेचा बाण असतो, त्याच्याशी ताडून बघा.

३. खान्देशचा सूर्य

जळगाव आणि धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. याचा अर्थ मे अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, किंचित उत्तरेलाच. डिसेंबरात मात्र दुपारी तो दक्षिणेला कलून साधारण ४५ अंशांवर असतो.

- पश्चिमेच्या खिडक्या: उन्हाळ्यात सगळ्यात त्रासाच्या. तिरपं ऊन छज्जा अडवू शकत नाही, भिंत तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते. पावसाळ्यात वाराही बहुतेक याच अंगाने येतो, म्हणून ओल तपासा.
- दक्षिणेच्या खिडक्या: लोक उगाच घाबरतात. मे-जूनमध्ये सूर्य वर असल्याने साधा छज्जाही पुरतो, आणि हिवाळ्यात ऊब मिळते.
- उत्तरेच्या खिडक्या: दिवसभर एकसारखा, चटका न देणारा उजेड.
- पूर्वेच्या खिडक्या: सकाळचं ऊन, दुपारी सावली.

आणखी एक. सगळ्यात वरच्या मजल्यावर दिशा कितीही चांगली असली तरी स्लॅब तापतोच. तिथे वरून उष्णतारोधक थर आहे का ते आधी विचारा.

४. तुमच्या धंद्याला कोणती बाजू हवी?

दिशा ही कामाप्रमाणे निवडायची गोष्ट आहे.

शिवणकाम, भरतकाम, कॉम्प्युटरवरचं डिझाइन: उत्तरेचा उजेड. सावली पडत नाही, रंग नीट कळतात.

बिबडे, पापड, कुरडया, मिरची: इथे तर ऊन हेच तुमचं मशीन! पश्चिमेची बाल्कनी इतरांना नकोशी, तुम्हाला कामाची. पण गच्ची वापरणार असाल तर सोसायटीची परवानगी आधी, लेखी घ्या.

डबे, फराळ: स्वयंपाकघर आग्नेयेला मिळालं तर छानच. नाही मिळालं तर धूर बाहेर जायला खिडकी आणि एक्झॉस्ट आहे ना, हे त्याहून महत्त्वाचं.

क्लास: ज्या वेळेला मुलं येणार, त्या वेळेला त्या खोलीत जाऊन उभे राहा. संध्याकाळी चारची बॅच आणि पश्चिमेची खोली, हे जुळणार नाही.

५. जादा पैशाचा हिशोब

समजा, दोन सारखे फ्लॅट आहेत. वास्तूचा म्हणून एक २ लाखांनी महाग. हे २ लाख ९ टक्क्यांनी २० वर्षांच्या कर्जात गेले, तर हप्ता महिन्याला साधारण १,८०० रुपयांनी वाढतो. २० वर्षांत ही रक्कम ४ लाख ३२ हजारांच्या आसपास जाते.

हेच २ लाख तुमचं सुरुवातीचं भांडवल असू शकतं: मशीन, कच्चा माल, उधारी सांभाळायची ताकद. नवा धंदा बऱ्याचदा खेळत्या भांडवलाअभावी अडतो. म्हणून घरच्यांसोबत बसून ठरवा. आई-वडिलांच्या मनाला समाधान मिळणार असेल तर तीही किंमत आहेच. फक्त ती किती, हे आकड्यात माहीत असू द्या.

उलट बाजूही बघा. दक्षिणेच्या दाराच्या फ्लॅटला गिऱ्हाईक कमी, म्हणून तिथे घासाघीस करता येते. पण विकायला काढाल तेव्हा तुम्हालाही तेच ऐकावं लागेल, हे धरून चाला.

आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर एक चक्कर मारा. दोन्ही बाजूंना दुकानं. एका रांगेचं तोंड जिकडे, समोरच्या रांगेचं बरोबर उलट. गिऱ्हाईक दोन्हीकडे चढतं. बघतं माल, भाव आणि बोलणं.

६. दोष निघाला तर?

फ्लॅट घेतल्यावर कुणी दोष सांगितला, तर कॉलम-बीमला हात लावू नका. संडास-बाथरूमची जागा हलवली की खालच्या मजल्यावर गळती आणि भांडण, दोन्ही येतात. पलंग, कपाट, तिजोरी, देवघर यांच्या जागा बदलणं फुकट आहे, ते खुशाल करा.

आणि दिशेच्या नादात कागद विसरू नका. महारेरा नोंदणी क्रमांक, कार्पेट क्षेत्रफळ, मंजूर नकाशा, टायटल. तोंडी सांगितलेलं काहीही करारात नसेल तर ते नाहीच असं समजा.

गृहपाठ

फ्लॅट पसंत पडला की दोनदा जा: एकदा सकाळी ९ ला, एकदा दुपारी ४ ला. जमलं तर एप्रिल-मेमध्येच. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. वहीत तीन ओळी लिहा: दार कुठे, खिडक्या कुठे, माझं काम कुठे बसणार. या तीन ओळी भरल्याशिवाय टोकन देऊ नका.

चला, कामाला लागा. शुभेच्छा!